सपाट पायांच्या पत्रकातली चौथी ओळ

वाचकहो, पहिलीतल्या मुलाचा ओला पाय कागदावर उमटतो, तेव्हा तुम्ही त्यात नक्की काय शोधता? पाय, की बारा वर्षांनंतरच्या फौजेच्या भरतीचा निकाल?

प्रश्न तुम्हाला विचारला, पण मला बोलायचं आहे ते माझ्या मामांशी. ते आता उत्तर देणार नाहीत. तुम्ही साक्षीला बसा.

मामा, तुम्ही गेलात त्याला आज एकवीस दिवस झाले. तेराव्यानंतर शाळेच्या पटांगणात तुमची शोकसभा झाली. फ्लेक्सवर तुमचा लष्करी टोपीतला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पावलांचे शिल्पकार'. मी मागच्या रांगेत बसून एकेका वक्त्याचं तोंड निरखत होते. जे लोक पाठीमागे तुम्हाला 'तळवे हवालदार' म्हणायचे, त्यांचेच आवाज आता भरून येत होते. मेलेल्या माणसाबद्दल अचानक गोड बोलणाऱ्यांचा मला संशय येतो. त्यांना काहीतरी झाकायचं असतं. त्या दिवशी मलाही होतं. 'भाचीनं दोन शब्द बोलावेत,' असा पुकारा झाला, तेव्हा मी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. घसा ठणठणीत होता.

तेव्हा गिळलेलं आता लिहिते.

तुम्ही लष्कराच्या दवाखान्यात नर्सिंगचं काम केलंत. भरतीच्या मेडिकलला डॉक्टरांच्या शेजारी बसलात. एक गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की मी तुमच्याआधी शेवटाला पोचायचे. खंडाळ्याकडचा एक पोरगा धावण्यात सगळ्यांच्या पुढे आला. मेडिकलला त्याला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं. ठसा सगळा भरलेला, मधे कमानीची जागाच नाही. डॉक्टरांनी मान हलवली, तसा तो म्हणाला, "साहेब, पुसून परत हुबा ऱ्हाऊ का?" गोष्ट सांगून तुम्ही हसायचात, मग चष्मा काढून पुसत बसायचात. विसाव्या वर्षी कुणाला असं कळू नये, म्हणून गावातल्या पोरांचे पाय सहाव्या वर्षीच बघायचे, असं तुम्ही निवृत्त होऊन आल्यावर ठरवलंत.

दर वर्षी शाळा सुरू झाली की कुंडलच्या अलीकडच्या तुमच्या गावात हा कार्यक्रम व्हायचा. शाळेच्या व्हरांड्यात परातीत गेरू कालवायचा. पोरगा त्यात पाय बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर उभा राहायचा. कोपऱ्यात तुम्ही पेनानं त्याचं नाव लिहायचात. मग तुमचा तो परेडचा आवाज, "टाचा उचल!" पोरगा चवड्यांवर उभा राहिला, की तुम्ही मागून वाकून बघायचात. "आली कमान. पळ. काय न्हाई." बहुतेक सगळ्यांना हाच निकाल. लहानपणी पाय सपाटच दिसतो, वाढता वाढता कमान धरते, हे मला तुम्हीच शिकवलंत.

पण त्यानंतर तुम्ही ते ठसे वाळायला व्हरांड्यातल्या दोरीवर लावायचात, कपड्यांचे चिमटे लावून, नावांसकट. आणि गाव बघायला यायचं.

"काय रं, तुझ्या पोराचा पाय हाय का थापलेली भाकरी?"

"आवं, तुमच्या नातवाचा बघा आदी. म्हशीचा खूर बरा म्हनायचा!"

तुमचं 'काय न्हाई' व्हरांड्यातच विरून जायचं. लोक घरी न्यायचे ते दोरीवरचं. मग सुरू व्हायचं ते आपल्या भागातच होऊ शकतं. ज्या घरात एक तरी फोटो वर्दीतला आहे, त्या घरात सहा वर्षांच्या पोराच्या तळव्याखाली लाटणं. संध्याकाळी गावात चपात्यांपेक्षा पायच जास्त लाटले जायचे. नांगरटीतल्या ढेकळांवरून अनवाणी पळवायचं. एका पोराचा अंगठा चिरला, तर त्याचा आजा म्हणाला, "फौजीला रगात दिसलं पायजेल." पोरगा दुसरीत होता, मामा. तुम्ही ते ऐकलंत आणि तंबाखू मळत राहिलात.

माझा पहिला संशय तिथला. मुलांच्या काळजीनं सुरू केलेलं काम तुम्हाला मानासाठी आवडायला लागलं होतं. दोरी काढायला तुम्हाला कोणी अडवलं होतं?

मी विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "आईबापांनी बघावं म्हनून लावतो."

"आईबाप पाय बघत नाहीत, मामा. निकाल बघतात. आणि रांगेत सगळी पोरंच? मुलींना पाय नसतात का?"

"पोरी कुठं भरतीला जात्यात गं?"

"जातात. आणि नाही गेल्या तरी चालतात ना पायांवरच?"

तुम्ही विषय बदललात. यंदा जूनमध्ये मात्र पहिली ते चौथीच्या मुलींची रांग आधी लावलीत. मला कळवलंही नाहीत. मला ते दुसऱ्याकडून कळलं, आणि मी खूश व्हायच्या ऐवजी विचार केला, यात यांचा काय डाव असेल?

त्या रांगेत श्रावणी होती. चौथीतली, नऊ वर्षांची. तिची आई वैशाली गावातली पिठाची गिरणी चालवते. श्रावणीचा डावा ठसा नेहमीसारखा होता. उजवा भरलेला. तुम्ही टाचा उचलायला लावल्यात. डाव्या पायाला कमान आली, उजव्याला आली नाही. पाय लाकडासारखा ताठ. घोट्याखाली दाबलं तर तिनं ओठ चावला. शाळेत तिला आळशी म्हणत, कारण ती खेळाच्या तासाला भिंतीशी बसून राहायची. तुम्ही वैशालीला त्याच दिवशी सांगितलंत, हिला सांगलीला हाडांच्या डॉक्टरांना दाखव. ती म्हणाली, गणपतीत गिरणीला सुट्टी असते तेव्हा दाखवते.

चार दिवसांनी गावात पांढरी गाडी आली. बाजूला बोर्ड : 'सपाट पायांवर खात्रीशीर उपाय'. आत बुटात घालायचे सोल. गाडीवाला घरोघर गेला, पण सगळ्या घरांत गेला नाही. ज्यांचे ठसे भरलेले होते तेवढ्याच घरांत गेला, आणि दारात उभं राहून पोराचं नाव घेऊन हाक मारली.

मामा, मी चळवळीची पत्रकं काढणाऱ्या घरात वाढले. जिथे योगायोग फार नेमका असतो तिथे कुणाचा तरी हात असतो, हे मला बाराखडीबरोबर शिकवलेलं आहे. मी साताऱ्याहून तुम्हाला फोन केला. "नावं कोणी दिली?"

"मी न्हाई दिली."

"मग त्याला स्वप्न पडलं?"

"एमएच अकराची गाडी हाय. तुझ्याच साताऱ्याची. तूच इचार की त्याला!" तुम्ही हसलात. मला ते हसणं टाळाटाळ वाटलं.

गणपतीच्या आधी मी पत्रक काढलं. पहिली ओळ : लहान मुलांचा पाय बहुधा सपाटच दिसतो, घाबरू नका. दुसरी : दुखत नसेल आणि टाचा उचलल्यावर कमान दिसत असेल, तर बुटात काही घालण्याची गरज नाही. तिसरी : लाटणं स्वयंपाकघरात ठेवा. पहिल्या दोन ओळी तुमच्या तोंडच्या. तुमचं नाव न घेता उचलल्या, कारण ज्याच्यावर संशय आहे त्याचे आभार कसे मानायचे?

चौथी ओळ माझी होती. 'मुलांचे पाय कोणालाही तपासू देऊ नका. तपासणी, सोल आणि दवाखाना ही एकच साखळी आहे.'

मला ती ओळ फार आवडली होती. तिच्यात ठेका होता. मी ती ठळक छापली. बाजाराच्या दिवशी कुंडलला वाटली, पलूसला वाटली, मैत्रिणींच्या हाती फलटणला पाठवली. मोबाईलवरून तर कुठं कुठं गेली ते मलाही माहीत नाही. सोलवाल्याची गाडी परत दिसली नाही. लोकांनी लाटणी धुऊन जागेवर ठेवली. मी जिंकले होते.

दिवाळीनंतर तुम्ही न सांगता साताऱ्याला आलात. एसटीनं, मांडीवर मामीनं दिलेल्या चकल्यांची पिशवी. बसायच्या आधी खिशातून पत्रक काढलंत. घडीवर फाटलेलं होतं.

"लय झ्याक लिवलंयस. एकच वळ चुकली."

"कुठली?"

तुम्ही बोट ठेवलंत. चौथीवर.

"ती वैशाली पोरीला डाक्टरकडं न्यायला तयार न्हाई. म्हनती, तुमच्या भाचीच्याच कागदात लिवलंय की, दवाखान्याच्या नादी लागू नगा. पोरगी लंगडती, गं. ती वळ खोड आन दुसरा कागद काढ."

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर झोपेतही आठवतं. मी म्हणाले, "मामा, ओळ खोडली तर कुणाचा फायदा आहे? खरं सांगा, गाडीवाल्याकडून तुम्हाला काय मिळतं?"

आईनं चहा आणला होता. तुम्ही कपाकडे बघितलंत आणि उठलात. चपला घालताना तुमचा तोल गेला, तेव्हा मी हात पुढे केला नाही. दारात थांबून तुम्ही म्हणालात, "माझ्यावर घे संशय. खुशाल घे. पर त्या पोरीच्या पायावर घिऊ नगंस."

हे आपलं शेवटचं बोलणं. यानंतर तुम्ही दोनदा फोन केलात, मी उचलला नाही. मला वाटलं, आता रडून ओळ खोडायला लावतील.

शोकसभा संपल्यावर वैशाली माझ्याजवळ आली. पदराला पीठ, मागे श्रावणी.

"ताई, हवालदारमामा येत्या मंगळवारी हिला सांगलीला नेनार हुते. आता कोन नेनार?"

मी म्हटलं, "पण तुम्ही तर नाही म्हणाला होता."

"म्हनले हुते. पर मानूस रोज गिरनीत यायचं. पिशवीभर दळान घिऊन. घरात मानसं दोन, आन दळान रोज! नंबर येईपातूर बसायचं आन म्हनायचं, वैशे, पाय दुखतोय तिचा, कागदाचा न्हाई. शेवटी म्या म्हनलं, न्या बाबा, पर दळान आनायचं थांबवा."

मी मामीकडे गेले. फडताळात डबे, डब्यांवर पिशव्या, कोनाड्यात पातेल्यात, सगळीकडे पीठ. मामी म्हणाली, "मला वाटलं म्हातारपनी भरमलं का काय." मग ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मी तिच्याजवळ बसले. त्या पिठाकडे बघून मी कबूल करायला हवं होतं की तुम्ही खरे होतात. पण मामा, तुमची भाची अशी आहे की ती मेल्या माणसाचीही उलटतपासणी करते. नावं गेली होती, हे तर खरं होतं. कुणी दिली?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना गाठलं. मी चिडून विचारलं आणि त्यांनी अभिमानानं मोबाईल काढला. "आवं ताई, आपला उपक्रम मी दर साली पालकांच्या ग्रुपवर टाकतो की!" दोरीवरचे ठसे. एकेक कागद, एकेक नाव, फोटोत स्वच्छ वाचता येणारं. आणि त्या ग्रुपात यायची लिंक शाळेच्या फाटकावर, प्रवेशाच्या फ्लेक्सवर छापलेली. येणारा जाणारा कोणीही आत येऊ शकत होता. गाडीवाला आला होता. फोटोंच्या खाली त्यानं सोलांची जाहिरात टाकली होती आणि मुख्याध्यापकांनी तिच्याखाली जोडलेल्या हातांची इमोजी टाकली होती. सगळं उघड्यावर होतं. मी फक्त तुमच्या खिशात शोधत राहिले.

पण थांबा. इतक्या सहज सोडत नाही तुम्हाला. त्यातल्या एका फोटोत कागद ताणून धरलेला हात दिसतो, आणि त्या मनगटावरचं घड्याळ मी ओळखते. फोटो निघतायत हे तुम्हाला माहीत होतं. ते कुठे जातात, हे साध्या फोनवाल्या माणसाला कळत नव्हतं, असं मी मानायचं का? की माहीत असून गप्प बसलात, कारण फोटो निघणं तुम्हालाही आवडत होतं? दोरीचं भांडण अजून मिटलेलं नाही, मामा. मुलांच्या अंगातली उणीव, खरी असो वा खोटी, नावासकट टांगायची नसते. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि तुम्ही गेलात म्हणून मागे घेणार नाही.

मंगळवारी आम्ही तिघी सांगलीला गेलो. वैशालीनं गिरणीला कुलूप लावलं. एसटीत श्रावणीला खिडकी हवी होती.

"हवालदार आजोबा म्हनले हुते, खिडकी तुजी, आन येताना भडंग माझं."

"तुझं का नाही?"

"त्येंला दात कुठं हुते? म्हनजी माजंच की!"

सरकारी दवाखान्यात नंबर यायला बारा वाजले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला उभं केलं आणि मागून बघत म्हणाले, "टाचा उचल, बाळ." मला तुमचा आवाज ऐकू आला. उजवा पाय तसाच राहिला, सपाट, ताठ. त्यांनी पाऊल हातात धरून आत-बाहेर वळवायचा प्रयत्न केला. श्रावणीनं आईचा पदर मुठीत धरला. मग एक्स-रे. आतली दोन हाडं जन्मापासूनच जोडलेली असावीत, म्हणाले. खात्रीसाठी आणखी एक तपासणी. आधी प्लास्टर घालून पायाला विश्रांती द्यायची. दुखणं थांबलं तर बरं, नाही तर ऑपरेशनचा विचार.

तिथेही मी विचारलंच, "सोल कुठल्या दुकानातून घ्यायचे ते तुम्हीच सांगणार का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दुकानाचं नाव मी काढलं का?" मग वैशालीकडे वळून म्हणाले, "कधीपासून दुखतंय हे?"

वैशालीनं श्रावणीकडे बघितलं. श्रावणी म्हणाली, "लंगडी खेळायचं सोडलं तवापास्नं. तिसरीत."

"आणि कुणी सांगितलं नाही का, दाखवा म्हणून?"

"सांगितलं हुतं. जूनमदी," वैशाली म्हणाली.

"मग? एवढे महिने पोरगी दुखऱ्या पायावर चालली. का नाही आणलं?"

मामा, वैशालीच्या पिशवीत माझं पत्रक होतं. तुम्ही डॉक्टरांसाठी लिहून दिलेली चिठ्ठी तिनं काढली, तेव्हा मी ते बघितलं होतं. तिनं ते काढून टेबलावर ठेवलं असतं, तर मला बोलायला तोंड उरलं नसतं. तिनं पिशवीचं तोंड मुठीत आवळलं आणि म्हणाली, "चुकलं माझं, साहेब."

अख्खं आयुष्य मी लोकांना 'बोला, गप्प बसू नका' म्हणत आले. त्या बाईच्या गप्प बसण्याइतकं मोठं काही मी कधी लिहिलेलं नाही.

मी म्हणाले, "हिचं नाही. माझ्यामुळे."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. ते प्लास्टरची चिठ्ठी लिहीत होते.

श्रावणीच्या पायाला आता गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. वर्गातल्या पोरींनी त्यावर स्केचपेननं फुलं काढली आहेत. दुखणं थांबेल का, ते अजून कुणी सांगत नाही. मी दर दोन दिवसांनी फोन करते. वैशाली म्हणते, "ताई, इतके फोन कशाला? रोज दळान आनायला लागा तुमीबी!"

मला तुमची माफी मागायची होती. मागणार नाही. तुम्हाला ती मिळणार नाही, आणि मला हलकं वाटेल, हा सौदा मला पटत नाही. तुम्ही माझ्याकडे माफी मागायला आला नव्हतात, एक काम सांगायला आला होतात. ते तुम्ही असताना झालं नाही. नवं पत्रक छापायला दिलं आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन ओळींखाली आता तुमचं नाव आहे. पण जुनं बाहेर आहे, आणि बाहेर गेलेला कागद मला एकटीला परत गोळा करता येत नाही.

म्हणून वाचकहो, आता तुमच्याकडे वळते. सातारा-सांगलीत ते पत्रक तुमच्या हाती आलं असेल, दुकानाच्या भिंतीवर, शाळेच्या फळ्याशेजारी, मोबाईलमध्ये, तर आजच शोधा. पेन घ्या आणि चौथ्या ओळीवर काट मारा, वाचता येणार नाही अशी. खाली तुमच्या हातानं लिहा : 'पाय दुखत असेल, एकच पाय वेगळा दिसत असेल, ताठ असेल, किंवा टाचा उचलूनही कमान येत नसेल, तर मुलगा असो वा मुलगी, सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.' मोबाईलवर ज्यांना पाठवलं होतं त्या प्रत्येकाला हे परत पाठवा. आणि ज्या आईला वाचता येत नाही, तिच्या दारात जाऊन तेवढं एक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा.